सोयर फिटेपर्यंत

॥ श्री ॥

सांगली,
शनिवार, २९ नोव्हेंबर

सौ. विहीणबाई यांस शरयूचा नमस्कार.

व्याह्यांची डावी बाजू आता थोडी हलते आहे का? त्यांना कुशीवर वळवताना तुम्ही एकट्याच असता असं सुमंत म्हणाला. कंबर सांभाळा, आपली वयं काही लपत नाहीत.

परवा फोनवर तुम्ही "काय? काय म्हणालात?" म्हणत राहिलात आणि मी ओरडत राहिले. शेवटी माया सिस्टर बाहेर येऊन म्हणाली, "आजी, आत बाळं झोपलीत." म्हणून हे पत्र. सुमंतकडे निरोप देता आला असता, पण पोरं निम्मा निरोप गाळतात आणि उरलेला हसत सांगतात. तुमचा मुलगाही त्याला अपवाद नसावा, रागावू नका.

आपली नात ठीक आहे. सातव्या महिन्यातलं लेकरू, तेव्हा ठीक म्हणजे किती ठीक ते तुम्ही समजून घ्या. काचेच्या पेटीत आहे. कातडी इतकी पातळ की आतल्या निळ्या शिरा मोजाव्यात. नाकात नळी, तोंडातून पोटात एक नळी. डोक्यावर कुणीतरी विणलेली पिवळी टोपी, ती भुवयांपर्यंत येते. पेटीवर पाटी आहे, 'भार्गवीचं बाळ'. बारसं होईपर्यंत तेच नाव. भार्गवी पंपानं दूध काढते, वाटीच्या बुडाला लागेल एवढं निघतं, आणि तेवढंसुद्धा त्या नळीतून थेंबाथेंबानं आत जातं. पण पचतंय. डॉक्टरीणबाई, संयोगिता त्यांचं नाव, वयानं माझ्या शौनकएवढ्याच असतील, म्हणाल्या, "दूध पचतंय ही मोठी गोष्ट आहे."

भार्गवीचं पाणी आधीच गेलेलं असल्यामुळे बाळाला जंतूंची लागण झाली असेल अशी शंका होती. त्यासाठी जन्मल्यापासून अँटिबायोटिक चालू आहे, सुईवाटे. रक्ताच्या तपासणीत काही निघालं नाही, देवाची कृपा. तरीही खबरदारी म्हणून औषध चालू ठेवायचं डॉक्टरांनी ठरवलं आहे. काळजी नसावी.

काल पाचवी पुजली. तुम्ही म्हणाल, दवाखान्यात कसली पाचवी! इथे समोरच्या गल्लीत एक खोली घेतली आहे, तिथे केली. पण पाटा-वरवंटा कुठून आणायचा? घरमालकीणबाईंकडे मिक्सर. त्यांनी तोच देऊ केला, मी हात जोडले. इथे बाकावर माझ्याशेजारी धोंडुबाई म्हणून जतकडच्या एक आजी असतात, त्यांचा नातूही आत पेटीत आहे. धनगराचं घर, बोलणं उघडं. मी पाट्यासाठी हिंडतेय ते बघून म्हणाल्या, "आवं वैनी, आमी मेंढरामागं रानात. तितं कुटला पाटा आन् कुटला वरवंटा? दगूड घ्याचा, हळद-कुक्कू लावायचं, झाली सटवाई." आणि गाड्या लावतात तिथला एक धोंडा उचलून, नळाखाली धुऊन माझ्या हातात दिला.

तोच पुजला. कोरा कागद आणि पेन ठेवलं. धोंडुबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "आन् ती सटवाई येनार कशी? लिफ्टनं? ती सिस्टर तिला आत सोडंल व्हय? हात धू, केस बांध, चप्पल भाईर! आन् कपाळावर लिवनार म्हंता, तर कपाळावर टोपी हाय." मला हसू आलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मग भीती वाटली की हसले म्हणून काही होईल का.

सोयर असल्यामुळे मार्गशीर्षाचा पहिला गुरुवार तसाच गेला. जपाला हरकत नसते, तो चालू आहे.

भार्गवी जरा गप्प असते. बाळंतिणीचं असं होतंच. सुमंत येणार असेल तर त्याच्याबरोबर अळिवाचे लाडू पाठवा. मीही केले होते, पण तिनं खाल्ले नाहीत. आईच्या हातची चव वेगळी, त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही.

व्याह्यांना नमस्कार.

आपली
शरयू


सांगली,
सोमवार, ८ डिसेंबर

सौ. विहीणबाई यांस,

लाडू पोचले. भार्गवीनं एक खाल्ला. डबा उशाशी ठेवून झोपते.

बातमी चांगली नाही, आणि तुम्हाला सुमंतकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावी.

दत्तजयंतीला सोयर फिटलं. त्याच दिवशी बाळाचं औषध थांबवलं. मी अंघोळ करून देवाला दिवा लावला, दत्ताच्या देवळात जाऊन आले, पेढे आणले. इथल्या बाकावरच्या सगळ्यांना वाटले. वजन वाढत होतं, भार्गवीला दोनदा बाळ छातीशी, कातडीला कातडी लावून, धरायला दिलं होतं. मला वाटलं, सुटलो.

शनिवारी माया सिस्टर बाळाच्या पोटाला टेप लावून मोजत होती. एकदा मोजलं, पुन्हा मोजलं आणि मग डॉक्टरांना हाक मारली. पोट फुगलं होतं. एवढंसं पोट, त्याच्यावर कातडी ताणून चकाकत होती. पोटातल्या नळीतून दूध परत आलं, हिरवट. दुपारी लंगोटात रक्त दिसलं. मग एक्स-रे, मिरजेहून सर्जन आले, त्यांनी आपल्या दोन बोटांनी पोट चाचपलं. त्यांच्या दोन बोटांत सगळं पोट झाकलं गेलं.

आतडं सुजलंय, दुखावलंय, असं म्हणतात. फाटलेलं नाही. फाटलं तर चिरावं लागेल, आणि एवढ्याशा जिवाला चिरणं म्हणजे काय ते त्यांनी बोलून दाखवलं नाही. दूध बंद केलं आहे. शिरेतून पाणी-साखर देतात. अँटिबायोटिक पुन्हा सुरू केलं आहे, आधीच्यापेक्षा जोराचं.

भार्गवी तरी दूध काढतेच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काढत राहा, नाहीतर आटेल. ती बाटलीवर तारीख घालते आणि बाटली फ्रीझरमध्ये जाते. पिणारं कुणी नाही आणि दूध आता कुठे भरपूर यायला लागलंय. हे दैव मला कळत नाही, विहीणबाई.

मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, हे कशानं झालं? म्हणाल्या, कमी दिवसांच्या बाळांना होतं, कारणं पुष्कळ असतात. आणखीही काही सांगितलं. ते आता लिहीत नाही.

धोंडुबाईंचा नातू काल गेला. माझ्या हाताला धरून बसल्या होत्या. रडल्या नाहीत. जाताना म्हणाल्या, "तुमची पोर वाचंल बगा. माझी जागा मोकळी झालीय, आता तिला हवा मिळंल." असं कुणी बोलतं का? मी "असं बोलू नये" म्हणाले, तर म्हणाल्या, "मग काय बोलू वैनी, तुमीच सांगा की." बाक आता मोठा वाटतो.

शौनक कामावर जाऊन-येऊन करतो. साताऱ्याहून हे फोनवर रोज तेच विचारतात, "मग, काही फरक?" मी "आहे तसंच" म्हणते. आहे तसंच म्हणजे चांगलं की वाईट, ते त्यांनाही कळत नाही, मलाही.

तुम्ही येऊ शकत नाही हे मला कळतं. भार्गवीलाही कळतं. ती तुमचं नाव काढत नाही, यावरूनच समजा.

शरयू


सांगली,
शुक्रवार, १९ डिसेंबर

मंगलताई,

आज नावानं हाक मारते आहे. विहीण म्हणून जे लिहिता येत नाही ते लिहायचं आहे.

आधी बाळाचं सांगते. जिवंत आहे. पोट उतरलं, मऊ आहे. सर्जन म्हणाले, चिरायची गरज नाही. हे वाचून तुम्ही देवाला हात जोडाल, जोडा. पण पुढचंही वाचा.

माझ्या पहिल्या पत्रातली एक ओळ मला खोडायची आहे. घरखर्च लिहिताना चूक निघाली की मी आकडा खोडून वर खरा लिहिते, तसं. मी लिहिलं होतं की औषध चालू ठेवायचं डॉक्टरांनी ठरवलं. डॉक्टरांनी ठरवलं नव्हतं. मी ठरवलं होतं.

रक्ताची तपासणी स्वच्छ आली त्या दिवशी संयोगिताबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "लागण नाही. अँटिबायोटिक आज थांबवते." भार्गवी चाकाच्या खुर्चीत होती. तिचा चेहरा उजळला. म्हणाली, "बरं झालं, एक सुई तरी कमी होईल." आणि मी म्हणाले, "पाचवी तरी होऊ दे. पाचवीच्या आत काही बंद करायचं नाही." भार्गवी म्हणाली, "आई, पण त्या म्हणतायत ना—" मी तिला बोलू दिलं नाही. म्हणाले, "तू बाळंतीण आहेस, गप्प पड." दवाखान्यातल्या लोकांसमोर. शौनक खाली बघत होता.

बाईंनी मला पुष्कळ समजावलं. मी ऐकलं नाही. त्यांचे वरचे मोठे डॉक्टर आले, त्यांना मी तेच सांगितलं. ते हसून म्हणाले, "आजींचं मन राखूया, दोन दिवसांनी काय होतंय." पाचवी झाली. मग बाई पुन्हा आल्या, तेव्हा मी सोयर पुढे केलं. दहा दिवस तर जाऊ देत, दत्तजयंतीला सोयर फिटतंय, तो चांगला दिवस आहे, त्या दिवशी थांबवा. मोठ्या डॉक्टरांनी मान हलवली. त्यांनाही वाटलं असेल, थांबवलं आणि काही झालं तर ही म्हातारी दवाखाना डोक्यावर घेईल. घेतलाच असता.

माझ्या डोक्यात एवढंच होतं की औषध म्हणजे पहारा. जितके दिवस उभा राहील तितकं बरं. लागण असो नसो, पहारेकऱ्यानं कुणाचं काय बिघडतं? शौनकच्या आधी मला एक मुलगी झाली होती. पाचवीच्या आदल्या दिवशी गेली. तिची पाचवी पुजायची राहिली. लग्न ठरवताना हे तुम्हाला सांगितलं नव्हतं, आमच्याकडे ते कुणी बोलत नाही. हे कारण आहे, निमित्त म्हणून सांगत नाही.

बाळाचं पोट फुगल्यावर संयोगिताबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं ते असं. बाळ जन्मतं तेव्हा त्याच्या आतड्यात चांगल्या जंतूंची वस्ती व्हायची असते. आईच्या दुधातून, आईच्या अंगावरून ते येतात. अँटिबायोटिक चांगला-वाईट ओळखत नाही. लागण असेल तर ते हवंच, त्याशिवाय बाळ वाचत नाही. पण लागण नसताना लांबवलं तर ही वस्तीच बसत नाही. रिकाम्या जागेत नको ते येऊन राहतं, बुरशी वाढते, औषधाला न जुमानणारे जंतू वाढतात, कोवळं आतडं दुखावतं. मी विचारलं, "म्हणजे माझ्यामुळे?"

त्या म्हणाल्या, "तसं सांगता येत नाही, आजी. औषध लांबवलं नाही तरी असं होतं. लांबवल्यानं शक्यता वाढते, एवढंच मी म्हणू शकते. आणि मी आणखी जोर लावायला हवा होता."

शक्यता वाढते. हा आकडा मी जमेत लिहू की खर्चात, मंगलताई? त्या मला दोषी म्हणाल्या असत्या तर मी नाक घासलं असतं. नाही म्हणाल्या असत्या तर झोपले असते. दोन्ही म्हणाल्या नाहीत. आणि जे थांबवायला हवं होतं तेच औषध आतडं बरं करायला पुन्हा द्यावं लागलं, ते मी रोज काचेतून बघत होते. ती सुईची पंप-पेटी आवाज करते, टिक टिक. मला जप सुचत नव्हता.

आता आजचं.

सकाळी बाई म्हणाल्या, "तपासण्या स्वच्छ आहेत. आज अँटिबायोटिक थांबवूया, उद्यापासून आईचं दूध, थेंबानं."

भार्गवी म्हणाली, "नको. चालू ठेवा."

शौनक म्हणाला, "अगं, त्या म्हणतायत तर—"

"त्या मागच्या वेळीही म्हणत होत्या. ऐकलं कुणी? आणि धोंडुबाईंच्या नातवाचं तिसऱ्या दिवशी बंद केलं होतं. कुठाय तो?"

बाई शांतपणे म्हणाल्या, "त्याची फुप्फुसं तयार झाली नव्हती. औषध थांबवल्यानं गेला नाही तो."

"मला माहीत नाही. मला एवढंच कळतं, चालू असलं की निदान काहीतरी चालू असतं."

मंगलताई, ते माझंच बोलणं होतं, तिच्या तोंडून. मी पुढे झाले. म्हणाले, "भार्गवी, थांबवू दे त्यांना. तेव्हा माझं चुकलं."

तिनं माझ्याकडे वळून बघितलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा सरळ बघितलं. म्हणाली, "तेव्हा पाचवीपर्यंत चालू, मग सोयर फिटेपर्यंत चालू, आता बंद. माझी मुलगी म्हणजे तुमचं व्रत आहे का, आई? धरलं, सोडलं?"

कालच मार्गशीर्षाचा शेवटचा गुरुवार झाला. लग्न होऊन आल्यापासून मी तो कधी चुकवला नाही. काल घट मांडला नव्हता, पण हे तिला सांगून काय उपयोग?

शौनक "भार्गवी!" असं ओरडला. मी त्याला गप्प केलं. तिला नाही, त्याला.

मग ती आत गेली. हात धुतले, गाऊन घातला, पेटीच्या भोकातून हात घालून बाळाचं पाऊल धरून उभी राहिली. आम्ही काचेबाहेर. बराच वेळ तशी होती. बाहेर आली तेव्हा बाईंना म्हणाली, "करा बंद." आणि शौनकला म्हणाली, "मला माझी आई हवी आहे."

बस्स, एवढंच. पुन्हा म्हणाली नाही.

आता दुपार झाली आहे. औषधाच्या पंपाचा आवाज थांबला आहे. पोट पुन्हा फुगेल का, दूध पचेल का, कुणी सांगू शकत नाही. बाई म्हणतात, बघायचं. मी आयुष्यभर काहीतरी करत आले. उपास, पोथी, काढा, काटकसर. आता ज्यात करायला काही नाही असं काम आलं आहे, आणि मला ते येत नाही. भार्गवीला माझी सावलीसुद्धा जड होते आहे, आणि ते बरोबर आहे.

म्हणून आमचं ठरलं ते ऐका. हे पत्र घेऊन शौनक उद्या सकाळी वाईला येतो आहे. तुम्ही त्याच्याच गाडीनं इकडे या. तुम्ही निघायच्या आत मी आणि हे तुमच्याकडे पोचतो. मी आज संध्याकाळच्या एसटीनं साताऱ्याला जाते, सकाळी यांना घेऊन निघते. व्याह्यांचं आम्ही करू.

त्यांना विहिणीसमोर लाज वाटेल, मला ठाऊक आहे. तुम्हालाही वाटेल, की ही काय उलटी रीत, मुलाच्या आईनं व्याह्यांची सेवा करायची. लोक बोलतील तर बोलू द्या. अंग पुसणं, भांडं देणं आमचे हे करतील, उचलायला ते अजून खमके आहेत. मी दारात राहीन, पेज, चहा, कपडे बघीन. निघण्याआधी फक्त त्यांना कुशीवर कसं वळवायचं ते दाखवा. आणि त्यांचं कुठलं औषध किती, कधी बंद करायचं, ते सुमंतला नीट समजावून ठेवा. मी माझ्या मनानं एक गोळी वाढवणार नाही.

सांगलीला पोचल्यावर तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून भार्गवी तुमच्या कानाशी तोंड नेऊन बोलेल. ती माझ्याबद्दल जे बोलेल ते खरं धरा.

मला फोन करायची घाई करू नका. चांगलं असलं तरी, आणि नसलं तरी. ते आधी तुम्हा दोघींचं असू दे. मग केव्हातरी माझ्यापर्यंत येईल.

उद्या तुमच्या दारात उभी राहणारी,
शरयू